स्पिटफायरच्या पंखाचा फर्मा

उतरण्यापूर्वीचं शेवटचं वळण डावीकडे होतं. वेग कमी होता, पण धोक्याइतका कमी आहे असं मला वाटलं नव्हतं. पट्टीच्या रेषेत यायला उशीर होतोय म्हणून मी एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची झडप) किंचित ओढला आणि त्याच क्षणी डावा पंख खाली गेला. कलला नाही, आधार काढून घेतल्यासारखा पडला. मी सवयीने उजवा एलेरॉन दिला, म्हणजे पंखांच्या टोकांजवळच्या झडपांनी विमान उजवीकडे कलवायला गेलो, तर विमान डावीकडे आणखी जोरात फिरलं. पंधरा मीटर उंचीवर यावर काही करता येत नाही. सात महिने खपून बांधलेली, रिमोटवर उडणारी स्पिटफायर कोल्हापूरबाहेरच्या माळावर नाकावर आपटली. मोटरचा माउंट तुटला, पुढची दोन बल्कहेड फुटली. पंख मात्र टोकाची थोडी चिरफाड सोडली तर शाबूत राहिला, आणि पुढे सगळं शिकायला मिळालं ते त्या वाचलेल्या पंखामुळेच.

विमान १:७ मापाचं मॉडेल होतं. मूळ स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. भारतीय हवाई दलाकडे होती ती मार्क १४. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ११.२३ मीटर, माझ्या मॉडेलचा १६०४ मिलिमीटर. वजन २.६ किलो, म्हणजे पंखाच्या दर चौरस डेसिमीटरवर साधारण ५७ ग्रॅम भार. या आकाराच्या स्केल मॉडेलला तो काही जड म्हणता येणार नाही. म्हणून वजनावर खापर फोडून सुटका नव्हती.

पंखाचा छेद, म्हणजे पंख आडवा कापला तर दिसणारा आकार, मी हट्टाने खऱ्या विमानाचाच वापरला होता. एनएसीए या जुन्या अमेरिकी विमान-संशोधन संस्थेच्या क्रमांकांत सांगायचं तर स्पिटफायरचा पंख मुळाशी एनएसीए २२१३ आणि टोकाकडे एनएसीए २२०९.४ आहे. या आकड्यांचा अर्थ सरळ असतो: पहिला २ म्हणजे पंखाचा बाक कॉर्डच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीच्या) २ टक्के, दुसरा २ म्हणजे तो बाक सर्वांत जास्त कुठे, तर पुढच्या कडेपासून २० टक्क्यांवर, आणि शेवटचे आकडे म्हणजे जाडी, मुळाशी १३ टक्के, टोकाकडे ९.४. शिवाय पंखाला पीळ आहे: मुळाशी अधिक २ अंश, टोकाला उणे अर्धा. हे सगळं मी जसंच्या तसं उतरवलं. आर. जे. मिचेल आणि त्यांचा वायुगतिकीतज्ज्ञ बेव्हर्ली शेनस्टोन यांनी जे ठरवलं ते सातने भागायचं, आपण त्यात शहाणपण करायचं नाही, अशी माझी श्रद्धा होती. मार्च १९३६ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, नंतर पूर्ण युद्धभर लढलेलं विमान, त्याचा पंख चुकीचा कसा असेल?

तो चुकीचा नव्हताच. फक्त माझ्या विमानाचा नव्हता.

अपघातानंतर आधी मी पुढची कड तपासली. एनएसीएच्या चार आकडी आकारांत पुढच्या कडेच्या गोलाईची त्रिज्या जाडीवरून काढता येते. टोकाजवळ, अर्ध्या पंखाच्या ९० टक्के अंतरावर, माझी कॉर्ड १५८ मिमी होती. ९.४ टक्के जाडीला तिथे त्रिज्या दीड मिमी यायला हवी. मी घासताना ती जवळजवळ निम्म्यावर आणली होती, आणि डाव्या बाजूला उजवीपेक्षा जास्त धारदार केली होती. डोळ्याला कड सुंदर, तलवारीसारखी दिसत होती. हवेला मात्र धारदार कडेला वळसा घालता येत नाही. कोन वाढला की ती तिथेच पृष्ठभाग सोडते. विमान डावीकडेच का पडलं, याचं उत्तर त्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकात होतं.

माझी चूक एवढीच असती तर काम सोपं होतं. कड नीट केली, विमान तीन आठवड्यांत दुरुस्त केलं, आणि नव्याने उडवण्याआधी पंखावर लोकरीचे धागे चिकटवले. तांबड्या लोकरीचे इंचभर तुकडे, वरच्या पृष्ठभागावर, प्रत्येकाचं पुढचं टोक टेपच्या बारीक तुकड्याने दाबलेलं. काडेपेटीएवढा कॅमेरा कॉकपिटच्या मागे, पंखाकडे तोंड करून. शंभर मीटरवर जाऊन थ्रॉटल कमी केला आणि एलिव्हेटर हळूहळू ओढत राहिलो.

घरी येऊन ते चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिलं. सगळे धागे मागे सरळ, शिस्तीत. मग एलेरॉनच्या पुढचे, टोकाजवळचे चार-पाच धागे एकदम उभे राहिले आणि उलटे फिरून पुढच्या कडेकडे तोंड करून थरथरायला लागले. मुळाजवळचे धागे त्या वेळी अजून सरळ होते. पुढच्या काही फ्रेममध्ये क्षितिज तिरपं झालं. पंखाचं टोक आधी स्टॉल होत होतं, म्हणजे तिथली हवा सुटून उचल जात होती, आणि त्याची आगाऊ खबर विमान देत नव्हतं. अपघाताच्या वेळी उजवा एलेरॉन दिल्यावर काय झालं, तेही आता कळलं. उजवा एलेरॉन दिला की डाव्या टोकाचा एलेरॉन खाली जातो, म्हणजे आधीच दमलेल्या टोकाचा कोन आपण आणखी वाढवतो.

खऱ्या स्पिटफायरचं वागणं बरोब्बर उलट. तिथे पीळ दिल्यामुळे मुळाजवळची हवा आधी फुटायची, विमान थरथरून वैमानिकाला सांगायचं, आणि टोकाचे एलेरॉन तोवर काम करत राहायचे. आकार तोच, पीळ तोच, मग वागणं वेगळं का?

याचं उत्तर रेनॉल्ड्स आकड्यात आहे. हा आकडा वेग आणि कॉर्ड यांच्या गुणाकारावर चालतो आणि हवेला पंख किती 'मोठा' वाटतो ते सांगतो. उतरताना खरी स्पिटफायर ताशी १३५-१४० किलोमीटरवर असते, मुळाशी कॉर्ड अडीच मीटर. तिचा आकडा साठ लाखांच्या वर जातो. माझं मॉडेल ताशी ४० किलोमीटरने उतरतं. कोल्हापूरच्या उंचीवरच्या, उन्हाने पातळ झालेल्या हवेत त्याचा आकडा मुळाशी सव्वादोन लाखांच्या जरा वर आणि टोकाजवळ फक्त एक लाख. विमान सातपट लहान केलं, हवा मात्र तेवढीच राहिली.

मी ज्या तक्त्यांवर विसंबलो होतो ते १९३३ च्या एनएसीएच्या अहवाल क्रमांक ४६० मधून आलेले. त्यात या कुटुंबातल्या ७८ आकारांच्या चाचण्या आहेत. त्या चाचण्या एनएसीएच्या लँग्ली प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या ज्या बोगद्यात झाल्या त्यात हवा वीसपट दाबाखाली भरलेली असायची, का, तर लहान मॉडेलला खऱ्या विमानाइतका रेनॉल्ड्स आकडा मिळावा म्हणून. तीस लाखांच्या आसपासचे ते आकडे होते. म्हणजे त्या लोकांना हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी इतका नीट कळला होता की त्यांनी त्यासाठी पोलादी टाकीत बोगदा बांधला. आणि मी तेच आलेख एक लाखाच्या पंखासाठी वाचत होतो. हे लक्षात आलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

लाखाच्या आसपास हवेचा पृष्ठभागालगतचा थर आळशी असतो. तो गुळगुळीत वाहतो, पण दाब वाढायला लागला की लगेच पृष्ठभाग सोडतो, पुढे जाऊन घुसळतो आणि जमलं तर परत चिकटतो. मधे बुडबुडा राहतो. कोन वाढला की एका क्षणी तो परत चिकटतच नाही. पातळ आणि कमी बाकाच्या टोकाला हे अचानक होतं.

त्यात स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार. जर्मन वायुगतिकीतज्ज्ञ प्रांटल यांच्या सिद्धांतानुसार उचल लंबवर्तुळाकार वाटली गेली की प्रेरित अवरोध (उचल निर्माण होताना येणारा अवरोध) सर्वांत कमी. पण पीळ नसलेल्या अशा पंखात मुळापासून टोकापर्यंत प्रत्येक छेद जवळजवळ सारख्याच नेटाने काम करत असतो, कुणीच राखीव नसतो. मग ज्याची ताकद कमी तो आधी हात टेकतो, आणि मॉडेलमध्ये तो नेहमी टोकाचाच छेद. (याच प्रांटल यांच्या हाताखाली गॉटिंगेनला आमच्या कोल्हापूर भागातले डॉ. विष्णू माधव घाटगे शिकले, आणि पुढे बंगळूरला त्यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवलं. १९५१ साली ते उडालं. हे नाव आमच्याकडच्या पोरांना शाळेत कुणी सांगत नाही याची मला मनापासून खंत वाटते.)

तात्पुरता उपाय म्हणून मी दोन्ही एलेरॉन दोन-दोन मिलिमीटर वर उचलून ठेवले. त्याने टोकाचा पीळ वाढल्यासारखा परिणाम होतो. विमान उतरायला नक्कीच सुधारलं. ज्यांच्याकडे टोक पाडणारं तयार मॉडेल आहे त्यांनी हे आजच करून पाहावं. एलेरॉनच्या पुढे शिवणाचा दोरा चिकटवून हवा मुद्दाम घुसळायचाही प्रयत्न केला. त्याने धाग्यांच्या वागण्यात मला काही फरक दिसला नाही.

नवा पंख बांधायचा हे ठरलं. पण कुठल्या छेदाचा?

सगळ्यांचा पहिला सल्ला क्लार्क वाय. १९२२ चा व्हर्जिनियस क्लार्क यांचा आकार, एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्गच्या विमानाला होता तो, खालून बराचसा सपाट, बांधायला सोपा, वागायला गुणी. मी त्याचा कागदी नमुना पंखाच्या टोकाला लावून पाहिला. ११.७ टक्के जाडी म्हणजे १५८ मिमीच्या कॉर्डला साडेअठरा मिमी. खऱ्या मापाने पंधराच हवे होते. समोरून पाहिलं तर स्पिटफायरचं टोक चाकूच्या पात्यासारखं निमुळतं होत जातं. तिची ओळखच ती. साडेतीन मिमी जास्त जाड टोक लावलं की ते विमान दुसरंच कुठलं तरी वाटायला लागतं. आणि मुळाशी उलट अडचण: तिथे क्लार्क वाय १३ टक्क्यांपेक्षा पातळ पडतो, आणि मला चाकं आत घ्यायला जागा हवी होती. एसडी ७०६२ सुचवला होता एकाने, पण तो १४ टक्के जाड. त्याचा विचार मी दहा मिनिटांत सोडला.

मी पुरता अडकलो होतो. मापाशी इमान राखायचं तर विमान पडतं, विमान वाचवायचं तर मापाशी बेइमानी होते.

त्या आठवड्यात मी उद्यमनगरात आण्णांकडे गेलो. आण्णा आमच्या शेजारचे, चाळीस वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा काढतात ते नमुने, करत आले. मला पुढची कड घासायला चांगला फर्मा करून हवा होता, एवढंच काम होतं. बोलता बोलता मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि टेबलावरचा एक पॅटर्न माझ्या हातात दिला.

"मोज."

मोजला. दोनशे दोन मिलिमीटर.

"पार्ट दोनशेचा आहे. बीड आटतंय. मीटरला दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न कधी पार्टाएवढा करायचा नसतोय. पार्टाएवढा केलास तर पार्ट चुकतोय. गिऱ्हाइकाला पॅटर्न बघायचा नसतोय, पार्ट बघायचा असतोय."

मी तो पॅटर्न बराच वेळ हातात धरून बसलो. मला माप कुठे राखायचं होतं? डोळ्याला दिसतं तिथे: पंखाचा वरून दिसणारा आकार, समोरून दिसणारी जाडी. छेदाचा बाक कुठे, किती, हे पंखाला दोन्ही बाजूंनी कातडी लागल्यावर कुणाला दिसत नाही. ते हवेसाठी असतं. मग ते हवेच्या मापाने ठरवायला हवं.

प्रश्न असा बदलल्यावर शोधही बदलला. आता मला जाडी सुमारे ९.४ टक्के, पण एक लाखावर नीट वागणारा आकार हवा होता. १९८० च्या दशकात प्रिन्स्टनला मायकेल सेलिग आणि जॉन डोनोव्हन यांनी खास कमी रेनॉल्ड्स आकड्यांसाठी आकार काढून बोगद्यात तपासले, पुढे सेलिग यांनी इलिनॉय विद्यापीठात ते काम वाढवलं. मोजलेले आकडे सगळ्यांसाठी खुले आहेत, आणि मॉडेल बांधणाऱ्यांवर त्या माणसांचे फार उपकार आहेत. त्या यादीत एसडी ७०३७ आहे. ग्लायडरवाल्यांचा जुना लाडका. जाडी ९.२ टक्के, बाक ३ टक्के. स्टॉल सावकाश. १५८ मिमीच्या कॉर्डला जाडी साडेचौदा मिमी, स्पिटफायरची येते पंधराला थोडी कमी. फरक ०.३ मिमी! रंगाचे दोन हात दिले की तेवढा जातो.

ठरलं: अर्ध्या पंखापर्यंत २२१३ च्या कुळातला खरा छेद, तिथून पुढे हळूहळू बदलत टोकाला एसडी ७०३७. मुळाशी आकडा सव्वादोन लाखांच्या वर असल्याने तिथे खरा छेद चालतो, आणि तोच आधी दमावा अशीच माझी इच्छा होती.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडता पडता वाचलो. जास्त बाकाचा छेद कमी कोनातच उचल द्यायला लागतो. म्हणजे टोकाला बाक वाढवला आणि पीळ होता तेवढाच ठेवला, तर हवेच्या दृष्टीने पीळ कमी होतो. एक्सएफएलआर ५ या पंखाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पंख मांडला तेव्हा हा फरक साधारण एक अंशाचा निघाला. मापाचा अडीच अंशाचा पीळ दिला असता तर हवेला तो दीडच वाटला असता आणि केलेलं अर्धं वाया गेलं असतं. म्हणून पीळ साडेतीन अंश केला. १५८ मिमीच्या कॉर्डला एक अंश म्हणजे मागच्या कडेला पावणेतीन मिलिमीटर. बांधणीच्या फळीवर मागच्या कडेखाली ठेवायच्या पाचरा मी बाभळीच्या लाकडाच्या केल्या, प्रत्येकीवर फासळीचा नंबर लिहिला. सगळ्यात उंच पाचर दहा मिमीला किंचित कमी. या सॉफ्टवेअरवर स्टॉलच्या बाबतीत पूर्ण भरवसा ठेवू नये, ते पंखाला जरा जास्तच शाबासकी देतं. दोन पर्यायांत कुठला बरा, हे मात्र ते चांगलं सांगतं.

फासळ्या लेझरवर कापून घेतल्या, एका बाजूला चौदा. बाल्साची कातडी दीड मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून तीन मिमी प्रत्येक फासळीतून आधी वजा करायचे. मुळाशी ४७ मिमी जाडीत तीन मिमी काहीच नाहीत. टोकाशी साडेचौदातले तीन म्हणजे पाचवा हिस्सा. तिथे विसरलं तर छेद निवडायला घालवलेले सगळे दिवस पाण्यात.

मग पुढची कड. आण्णांनी सनमायकाचे पाच फर्मे करून दिले, प्रत्येकाच्या आतल्या कडेला कार्पेंटर पेन्सिलीचं काळं चोळलेलं. फर्मा कडेवर टेकवायचा, हलकेच वर-खाली हलवायचा, काढायचा. जिथे काळं लागलं तिथे लाकूड वर आहे.

"काळं तेवढंच घास. पांढऱ्याला हात लावू नको. अन् पेपर बोटानं धरू नको, बोट खड्डा पाडतंय. ठोकळ्याला लाव."

पहिल्या तासात मला फक्त वरच्या कोपऱ्यावर एक काळी रेघ दिसत होती. ती घासली की दोन रेघा, मग तीन. चौथ्या संध्याकाळी फर्मा काढला तर सबंध कडेवर सारखी राखाडी छटा होती, कुठे गडद नाही, कुठे कोरी नाही. डावीकडे आणि उजवीकडे तेच. मागच्या वेळी ही कड मी डोळ्याने, अर्ध्या तासात उरकली होती.

नव्या पंखावर पुन्हा तांबडे धागे लावले. पुन्हा शंभर मीटर, थ्रॉटल कमी, एलिव्हेटर हळूहळू मागे. या वेळी कॅमेऱ्याची वाट बघावी लागली नाही. विमानाचं नाक डोलायला लागलेलं खालूनच दिसलं. दोन-तीन वेळा डोललं, मग नाक सरळ समोर खाली गेलं आणि वेग पकडून विमान आपोआप सावरलं. पाच वेळा करून पाहिलं. चार वेळा सरळ, एकदा उजवीकडे थोडं कलून. त्या कलण्यातही एलेरॉनने ऐकलं.

रात्री चित्रणात पाहिलं: आधी मुळाजवळचे, फ्यूजलाजला, म्हणजे धडाला, लागूनचे धागे वळवळायला लागतात. मग वळवळ बाहेर सरकते, पंखाच्या मध्यापर्यंत येते. टोकाचे चार-पाच धागे तोवर मागे सरळ ताणलेले. जुन्या पंखावर हेच धागे सर्वांत आधी उभे राहिले होते. मी ते चित्रण आण्णांना दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून दोनदा पाहिलं आणि विचारलं, "उजवीकडं एकदा का कलली?"

उजव्या पंखाचा पीळ परत मोजला. टोकाला तो डाव्यापेक्षा पाऊण मिलिमीटर कमी भरला. आता तो पंख दोन वजनांखाली, ओल्या फडक्याच्या वाफेवर, फळीवर बांधून ठेवला आहे. सुकला की मोजायचा, आणि मग अशोकचक्राच्या रंगातली वर्तुळं रंगवायला घ्यायची.